माळ्यावरचं जांभळं अस्वल: बीनी बेबीजबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नव्वदच्या दशकात अमेरिकेत गेलेल्या मराठी घरांत, आणि त्यांच्या पुण्या-मुंबई-नागपूरच्या नातेवाइकांच्या माळ्यांवर, लाल बदामाचा टॅग लावलेले छोटे कापडी प्राणी अजून सापडतात. घर आवरायला काढलं की ते बाहेर येतात, कुणीतरी मोबाइलवर किंमत शोधतं आणि घरभर खळबळ माजते. त्या खळबळीतून येणारे प्रश्न इथे घेतले आहेत. घाई असेल तर थेट जांभळ्या अस्वलाच्या प्रश्नावर जा. निम्म्या लोकांना तेवढंच हवं असतं.

बीनी बेबी म्हणजे नक्की काय?

वीतभर लांबीचं कापडी जनावर. आत कापूस थोडा आणि प्लॅस्टिकचे बारीक दाणे जास्त. मुद्दाम पूर्ण न भरलेलं, म्हणून हातात घेतलं की दाणे एका बाजूला सरकतात, मान कलते आणि प्राणी बोटावर लोंबकळतो. टेबलाच्या कडेवर बसवला तर बसतो, आडवा टाकला तर पसरतो. टाय वॉर्नर नावाच्या विक्रेत्याने १९८६मध्ये शिकागोजवळ स्वतःची 'टाय' ही कंपनी काढली. त्याआधी तो डेकिन या खेळण्यांच्या कंपनीचा माल विकायचा. बीनी बेबीज त्याने १९९३मध्ये दाखवायला सुरुवात केली. पहिला नऊ जणांचा संच म्हणजे बेडूक, डुक्कर, कुत्रा, डॉल्फिन, देवमासा, मूस, प्लॅटिपस, अस्वल आणि शेवंड. धंद्यातल्या लोकांनी तेव्हा नाकं मुरडली होती. हे तर रस्त्यावर गाडीखाली सापडलेल्या जनावरासारखं दिसतं, असं म्हणायचे. वॉर्नरचं म्हणणं असं की अर्धवट भरल्यामुळेच ते जिवंत वाटतं. ते त्याचं बरोबरच होतं; हातात घेऊन बघा.

किंमत साधारण पाच डॉलर. तेव्हाच्या भावाने एकशे ऐंशी रुपयांच्या आसपास. मुलाच्या खाऊच्या पैशांत बसेल अशी ही किंमत ठेवलेली होती.

मग पाच डॉलरच्या खेळण्यावर एवढ्या उड्या का पडल्या?

कारण ते दुकानात मिळायचं नाही. किंवा मिळायचं, पण तुम्हाला हवं ते नाही.

वॉर्नरने वॉलमार्टसारख्या मोठ्या साखळी दुकानांना माल दिलाच नाही. गल्लीतली भेटवस्तूंची दुकानं, फुलवाले, हॉस्पिटलमधले छोटे स्टॉल, अशांनाच दिला, आणि त्यांनाही महिन्याला ठरावीक नगांच्या वर नाही. टीव्हीवर जाहिरात नाही. एका दुकानात डॉल्फिन आहे तर खेकडा नाही, दुसऱ्यात खेकडा आहे तर डॉल्फिन संपलेला. सगळे एकत्र बघायला मिळतील अशी जागाच नव्हती. त्यामुळे नेमके किती प्रकार आहेत, कुठला कमी आहे, हे शोधणं हाच एक खेळ होऊन बसला.

त्यावर पुढची पायरी म्हणजे 'निवृत्ती'. अमुक प्राणी यापुढे बनणार नाही, असं कंपनी जाहीर करायची. निवृत्त झालेल्याचा भाव दुसऱ्या दिवशी चढायचा. कधी कुणाला निवृत्त करणार हे आधी सांगायचे नाहीत, म्हणून लोक सगळेच घेऊन ठेवायचे. एक खेळायला, एक ठेवायला, आणि जमलं तर एक विकायला. किंमती सांगणारी पुस्तकं निघाली आणि त्यांत आजच्या भावाशेजारी दहा वर्षांनंतरचा अंदाजही छापलेला असे! सोन्याचा दहा वर्षांनंतरचा भाव छापायला कुणी सराफ धजावेल का? पण इथे लोकांनी ते आकडे वाचून मुलांच्या कॉलेजचे हिशेब मांडले.

आणि नेमक्या त्याच वर्षांत इंटरनेटवरचा लिलाव सुरू झाला. ईबे १९९५मध्ये निघालं. टपालाने सहज जाणारी, न फुटणारी, नावाने ओळखता येणारी, सगळ्यांना ठाऊक असलेली वस्तू लिलावाला हवीच असते, आणि बीनी बेबी तशी होती. सुरुवातीच्या वर्षांत ईबेच्या उलाढालीचा मोठा हिस्सा या प्राण्यांचाच होता. नेब्रास्कातल्या आजीबाईंना शिकागोचा भाव घरबसल्या कळायला लागला, आणि भाव कळला की लोभ सुटतोच.

हे वेड पहिल्यांदा लागलं कुठे?

शिकागोच्या उपनगरांत, नेपरव्हिल आणि आसपास. मुलांना शाळेतून आणताना वाटेतल्या दुकानात डोकावणाऱ्या मध्यमवर्गीय आयांच्या टोळक्यापासून. त्यांनी याद्या केल्या, दुकानांना फोन लावले, परदेशातल्या दुकानदारांकडून जुने नग मागवले. आज तिथे भारतीय वस्ती दाट आहे आणि गॅरेज सेलमध्ये हे प्राणी अजून निघतात, एका डॉलरला टोपलीभर.

टॅगचं एवढं कौतुक कशाला?

कारण पुढे पुढे पैसे टॅगचेच मिळत होते. प्राण्याच्या कानाला लाल बदामाचा पुठ्ठ्याचा टॅग आणि बुडाशी शिवलेली कापडी पट्टी, अशी दोन्ही हवीत. बदामाला घडी पडली, कोपरा दुमडला की भाव कोसळला. म्हणून टॅगवर चढवायच्या प्लॅस्टिकच्या टोप्या निघाल्या आणि त्यांचाही स्वतंत्र धंदा चालला. मुलांना सक्त ताकीद असायची की बघायचं, हात लावायचा नाही. खेळणं आणून मुलाला हात लावू न देण्याचा प्रकार आपल्याकडच्या शोकेसमधल्या बाहुल्यांवरून पुष्कळांना ओळखीचा असेल.

टॅगवरून वय कळतं. सगळ्यात जुना बदाम एकपदरी, उघडत नाही. नंतरचे पुस्तकासारखे उघडतात. १९९६पासून वर पिवळा तारा आला आणि आत प्राण्याची जन्मतारीख व चार ओळींची कविता आली. तुमच्याकडच्या टॅगवर पिवळा तारा असेल तर तो लाखोंनी बनलेल्या काळातला आहे, एवढं लक्षात ठेवा.

त्या कविता कुणी लिहिल्या?

बऱ्याचशा लीना त्रिवेदी या भारतीय वंशाच्या मुलीने. ती डीपॉल विद्यापीठात समाजशास्त्र शिकत होती आणि टाय कंपनीत तासाला बारा डॉलरवर काम करत होती. शंभराहून जास्त कविता तिच्या आहेत. कंपनीची वेबसाइट काढायची कल्पनाही तिचीच. तेव्हा बहुतेक कंपन्यांना वेबसाइट कशाशी खातात हे ठाऊक नव्हतं. निवृत्तीच्या घोषणा त्याच साइटवर व्हायच्या आणि टॅगवर साइटचा पत्ता छापलेला असायचा. म्हणजे वेडाला वेळोवेळी इंधन पुरवणारी नळी या विद्यार्थिनीने जोडून दिली. वॉर्नर अब्जाधीश झाला. तासाचे बारा डॉलर आणि ही कमाई शेजारी शेजारी मांडून बघा.

मॅकडोनाल्ड्सची काय भानगड होती?

एप्रिल १९९७मध्ये मॅकडोनाल्ड्सने मुलांच्या हॅपी मीलबरोबर 'टीनी बीनी' नावाचे दहा छोटे प्राणी द्यायला सुरुवात केली. सुमारे १० कोटी नग तयार ठेवले होते आणि पाच आठवडे पुरतील असा हिशेब होता. दोनेक आठवड्यांत सगळं संपलं. लोक गाडीतून रांगा लावून दहा-दहा मील घ्यायचे, खेळणी काढायचे आणि बर्गर कचऱ्यात टाकायचे. तुमच्याकडचा प्राणी तळहातापेक्षा लहान आणि पाकीटबंद असेल तर तो यातला. १० कोटींपैकी एक.

घटस्फोटात बीनी बेबीजची वाटणी झाली होती, हे खरं का?

खरं आहे. १९९९मध्ये लास वेगासच्या कौटुंबिक न्यायालयात एका जोडप्याचं वाटणीवर एकमत होईना. शेवटी न्यायाधीशांनी सगळा ढीग न्यायालयातच जमिनीवर ओतायला लावला आणि दोघांना आळीपाळीने एकेक उचलायला सांगितलं. उकिडवे बसून खेळणी निवडणाऱ्या त्या दोघांचा फोटो जगभर छापून आला. आपल्याकडे भांड्याकुंड्यांच्या वाटण्या झालेल्या आहेत, पण निदान भांडी उद्या वापरता येतात.

त्याच सुमाराचा आणखी एक किस्सा. जुलै १९९८मध्ये राष्ट्राध्यक्ष क्लिंटन चीनच्या दौऱ्यावर असताना त्यांच्या व्यापार प्रतिनिधी शार्लीन बार्शेफ्स्की यांनी बीजिंगच्या बाजारात ढीगभर बीनी खरेदी केले. प्रवाशाला सोबत एकच नग आणता येईल असा तेव्हा नियम होता. चीनशी नकली मालावरून वाद घालणाऱ्या बाईंनीच असं केल्यावर पेपरवाले कशाला गप्प बसतात?

आमच्याकडे डायनाचं जांभळं अस्वल आहे. नेटवर लाखो डॉलर लिहिलंय. आम्ही करोडपती झालो का?

नाही.

आता कारण. प्रिन्सेस डायनाचं ३१ ऑगस्ट १९९७ रोजी निधन झालं. ऑक्टोबरअखेर टायने 'प्रिन्सेस' नावाचं अस्वल जाहीर केलं. गडद जांभळं, छातीवर पांढरा गुलाब, आणि नफा डायनाच्या स्मारक निधीला. सुरुवातीला दुकानांना मोजकेच नग मिळाले, म्हणून पहिल्या काही महिन्यांत त्याला शेकडो डॉलर मोजणारे निघाले. मग कंपनीने ते भरमसाट बनवलं. आज अमेरिकेतल्या किती घरांत ते असेल याची गणती नाही. आणि जवळपास सगळ्यांनी टॅगला टोपी घालून जपलेलं आहे.

लाखो डॉलरचे आकडे दिसतात ते मागितलेल्या किमतीचे. ईबेवर मी माझी जुनी छत्रीदेखील पाच लाख डॉलरला लावू शकते. मला कोण अडवणार? मग कुठलीतरी बातम्यांची साइट ती यादी उचलते, 'तुमच्या माळ्यावर खजिना' असा मथळा देते, तो वाचून आणखी शंभर जण आपली अस्वलं त्याच भावाने टाकतात, आणि पुढच्या वर्षी पुन्हा बातमी होते. ईबेवर शोधताना 'सोल्ड आयटम्स' ही खूण लावा. खरोखर विकल्या गेलेल्या वस्तू आणि त्यांना मिळालेला पैसा दिसतो. तिथे हेच अस्वल काही डॉलरला, फार तर काही दहा डॉलरला गेलेलं आढळेल. इंडोनेशियात बनलेलं आणि पट्टीवर पीव्हीसी (एक प्रकारचं प्लॅस्टिक) दाण्यांचा उल्लेख असलेलं अस्वल पहिल्या खेपेतलं मानतात, त्याला संग्राहक थोडं जास्त देतात. थोडंच.

पण आमच्या टॅगवर छपाईची चूक आहे. ती दुर्मीळ असते ना?

'ओरिजिनल' शब्दात 'आय' दोनदा? इंग्लंडमधल्या 'गॉस्पोर्ट'चं 'गॅस्पोर्ट' झालंय? या चुका एका नगावर नव्हे, छापखान्यातून निघालेल्या गठ्ठ्याच्या गठ्ठ्यावर आहेत. नोटेवरची चूक दुर्मीळ असते, कारण तपासनीस ती बाद करतात. खेळण्याचा टॅग कोण तपासत बसलंय?

मग खरंच मोलाचे आहेत तरी कोणते?

वेड लागण्याआधीचे. १९९४-९५मधले, एकपदरी किंवा पिवळ्या ताऱ्याशिवायच्या बदामाचे. तेव्हा कुणी जमवत नव्हतं, मुलांनी खेळून टॅग फाडले, प्राणी कुत्र्याने चावले, म्हणून धड राहिलेले थोडे. सगळ्यात गाजलेला म्हणजे पीनट नावाचा गडद निळा हत्ती. १९९५मध्ये रंग चुकला म्हणतात. सुमारे दोन हजार नग निघाल्यावर तो फिकट निळा केला. तेजीच्या दिवसांत गडद हत्तीला पाच हजार डॉलरपर्यंत भाव गेला होता. फिकट निळा हत्ती मात्र ढिगाने आहे, तेव्हा उजेडात नीट बघा. विक्री प्रतिनिधींना आणि कर्मचाऱ्यांना भेट म्हणून दिलेली काही अस्वलंही आहेत, पण ती तुमच्या काकांकडे असण्याची शक्यता कमी.

या सगळ्या प्रकरणाचं मर्म मला इथेच दिसतं. जुनी लाकडी ठकी आज मोलाची, कारण तिच्याशी मुली खेळल्या, रंग उडाला, हात मोडले, चुलीत गेल्या, आणि एखादीच उरली. बीनी बेबी सगळ्यांनीच पहिल्या दिवसापासून दुर्मीळ म्हणून जपली. टॅगसकट, डब्यात, अंधारात. जे लाखो लोकांनी एकाच वेळी जपलं ते कमी कसं होणार? दुकानात तुटवडा होता तो वॉर्नरने घडवलेला होता, आणि घराघरांत मात्र सुकाळ साठत होता. हे दोन ढीग समोरासमोर आले त्या दिवशी भाव गेला.

तो दिवस कुठला?

नेमका एक दिवस सांगता येत नाही, पण ३१ ऑगस्ट १९९९ धरायला हरकत नाही. वर्षअखेरीस सगळेच बीनी बेबीज निवृत्त होणार असं कंपनीने त्या दिवशी जाहीर केलं. 'द एन्ड' नावाचं काळं अस्वलही काढलं. पूर्वीच्या अनुभवाने भाव आकाशाला भिडायला हवे होते. पण निवृत्तीचा डाव लोकांना तोवर पाठ झाला होता आणि प्रत्येकाच्या घरी विकायला खोके तयार होते. सगळेच विकायला निघाले. घेणारे कुठून येणार? डिसेंबरअखेर कंपनीने जनमत घेतलं, दर मताला पन्नास सेंट आकारून. बीनी चालू ठेवावेत का? ९१ टक्के लोक 'हो' म्हणाले. २०००मध्ये 'द बिगिनिंग' हे नवं अस्वल आलं. मत द्यायला लोक आले, विकत घ्यायला पूर्वीसारखे आले नाहीत.

वॉर्नरचं पुढे काय झालं?

काही वाईट झालं नाही. न्यूयॉर्कचं फोर सीझन्स हॉटेल त्याने १९९९मध्येच घेतलं होतं. २०१३मध्ये स्विस बँकेत पैसा दडवून कर चुकवल्याचा गुन्हा त्याने कबूल केला. चुकवलेला कर ५० लाख डॉलरहून थोडा अधिक, दंड ५ कोटी ३६ लाख डॉलर. जानेवारी २०१४मध्ये शिक्षा झाली ती दोन वर्षांच्या देखरेखीची आणि ५०० तास समाजसेवेची. तुरुंग नाही. कंपनी चालू आहे. मोठ्या चकचकीत डोळ्यांचे 'बीनी बूज' २००९पासून निघतात आणि आपल्याकडच्या मॉलमध्येही मिळतात.

तेव्हा भारतात हे वेड का आलं नाही?

माल येतच नव्हता. ग्राहकोपयोगी वस्तूंच्या आयातीवरचे शेवटचे निर्बंध १ एप्रिल २००१ रोजी उठले, तोवर फुगा फुटून गेला होता. आपली पोरं तेव्हा बबलगमची क्रिकेट कार्डं, कुस्तीगिरांची ट्रम्प कार्डं आणि वेफर्समधले टाझो जमवत होती. वेड तसंच होतं, रक्कम लहान होती, आणि टाझोवर कॉलेजची फी भरायची स्वप्नं कुणी बघितली नाहीत. इथे जे बीनी आले ते सामानातून. काकू येताना चितळ्यांच्या बाकरवडीच्या बदल्यात चॉकलेटं आणि हे प्राणी आणायच्या. बहुतेक घरांत टॅग पहिल्याच दिवशी फाडून टाकला गेला, ते उत्तमच झालं.

मुलगी लबूबू मागते आहे. हे तेच आहे का?

भावंडं म्हणा, जुळी नाहीत. लबूबू हे हाँगकाँगमध्ये जन्मलेल्या आणि नेदरलँड्समध्ये वाढलेल्या कासिंग लुंग या चित्रकाराचं पात्र, २०१५चं. चीनच्या पॉप मार्ट कंपनीने २०१९पासून ते विकायला घेतलं. बॅगेला लटकवायचा केसाळ लबूबू २०२३मध्ये आला, आणि २०२४मध्ये 'ब्लॅकपिंक' या कोरियन गायिकांच्या गटातल्या लिसाने तो मिरवल्यावर आशियाभर आग लागली. जून २०२५मध्ये बीजिंगच्या लिलावात माणसाच्या उंचीचा एक लबूबू १० लाख ८० हजार युआनला गेला.

वॉर्नरने तुटवडा केला तो दुकानात. पॉप मार्टने तो खोक्यात कोंबला. खोका बंद असतो, आत कुठला रंग आहे हे फोडल्याशिवाय कळत नाही. त्यातला दुर्मीळ, 'गुप्त' म्हटला जाणारा नग निघण्याची शक्यता ७२त एक. म्हणजे खेळणं आणि लॉटरी एकाच पाकिटात. मला हा प्रकार बीनीपेक्षा जास्त खटकतो, कारण बीनी घेणाऱ्या मुलाला निदान आपण बेडूक घेतोय की डुक्कर हे माहीत असायचं. भावाचं म्हणाल तर जून २०२५मध्येच कंपनीने मोठा साठा बाजारात ओतल्यावर दलालांचे दर धडाधड खाली आले. साठा कंपनीच्या हातात, तर भावही तिच्याच हातात.

मुलीला तो आवडला असेल तर एक घ्या, खेळू द्या. 'पुढे किंमत वाढेल' हे कारण मुलगी देत असेल तर या पानावरचा आधीचा भाग तिला वाचायला द्या. 'वाढेल' असं तिचे वडील म्हणत असतील तर त्यांना दोनदा. फुटपाथवर काहीशे रुपयांत मिळतो तो नकली. अस्सल लबूबूला नऊ दात असतात. आधी दात मोजा.

नकली बीनी कसा ओळखायचा?

बदामाचा लाल रंग नारिंगीकडे झुकलेला, सोनेरी कड ओबडधोबड, अक्षरं फुटलेली. अस्सल कापडी पट्टीवर अक्षरं बारीक पण स्वच्छ असतात, आणि नंतरच्या काळातल्या पट्ट्यांवर चमकणारा होलोग्राम असतो. अर्थात पाच डॉलरलाही न जाणारा नग अस्सल की नकली, याने फरक काय पडतो? फक्त जुन्या टॅगचा महागडा नग विकत घेत असाल तर जाणकाराकडून तपासून घ्या.

विकायचेच असतील तर?

भारतात गिऱ्हाईक जवळपास नाही. अमेरिकेत एकेक विकत बसू नका. टपालखर्च किमतीपेक्षा जास्त होतो. वीस-तीस नगांचा एकच गठ्ठा करून लावा किंवा सरळ जुन्या वस्तूंच्या दुकानात दान द्या. १९९४-९५चे टॅग आधी वेगळे काढा.

नातवंडांना खेळायला दिले तर चालतील का? धुता येतात का?

तीन वर्षांवरच्या मुलांना खुशाल द्या. त्याहून लहानांना नको. पंचवीस वर्षांचा दोरा कुजलेला असतो, शिवण उसवली की आतले दाणे थेट तोंडात जातात. आधी प्रत्येक शिवण दोन बोटांत धरून हलकी ताणून बघा, ढिली असेल तिथे दुहेरी दोऱ्याने टाका घाला, आणि डोळे पक्के आहेत ना ते पाहा. लाल बदाम कापून टाका, त्याचा प्लॅस्टिकचा काटा कानात राहू देऊ नका. धुवायला उशीच्या अभ्र्यात घालून तोंड बांधा आणि गार पाण्यात सौम्य साबणाने मशीनला लावा. ड्रायर नको, दाणे प्लॅस्टिकचे आहेत. पंख्याखाली ठेवा, मधूनमधून उलटे करा. पोटातला कापूस सुकायला दोन दिवस लागतात, पावसाळ्यात चार.